अर्लीनची जागा

साखळी फिरत फिरत मिस व्हर्नेलच्या हातात आली तेव्हा अकरा जणांच्या तळहातांनी ती कोमट झाली होती. जाड कड्यांची साखळी, मधली एक कडी कापलेली. तेवढ्याच जागी धातू अजून चकाकत होता. मिस व्हर्नेलनी ती हातात तोलून पाहिली आणि टेबलाच्या मधोमध ठेवून दिली.

"माल उत्तम आहे," रॉय हचेन्स म्हणाले. गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. खोलीत आल्या आल्या ज्यूरीने त्यांना आपला प्रमुख निवडलं होतं, बहुतेक त्यांच्या खिशात पेन दिसलं म्हणून. "असली साखळी कापायची तर अंगात रग लागते. सत्तरी उलटलेल्या माणसाचं काम नाही."

"ईझेल ब्रॉडनॅक्सचं आहे," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "जन्मभर रेल्वेचे रूळ टाकलेत त्यांनी."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या टेरेलने मान वर केली. तो कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि खटला सुरू झाल्यापासून अर्धवट झोपेतच होता. "मिस व्हर्नेल, तुम्ही आपल्याच माणसाला अडकवताय की काय?"

"मी साखळीबद्दल बोलतेय, पोरा. माणसापर्यंत अजून आलेच नाही."

प्रकरण सगळ्या काउंटीला तोंडपाठ होतं. ईझेलची बायको अर्लीन मार्चमध्ये गेली. तिची आई, आजी आणि तिची न् ईझेलची पाळण्यातच गेलेली दोन लेकरं शायलो नावाच्या जुन्या दफनभूमीत होती, पाइनच्या जंगलात आत. जंगल आता लाकूड कंपनीचं झालं होतं. कंपनीने गाडीवाटेवर फाटक बसवून साखळी घातली होती, आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांनी मिळून थडग्यांवरचं गवत काढायचं, त्यांवर मांडलेले शिंपले पुन्हा नीट लावायचे, हा शायलोचा रिवाज त्या साखळीपाशी येऊन थांबला होता. ईझेल किल्ली मागायला कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्यांनी त्यांना दुसऱ्या राज्यातल्या मुख्य कचेरीकडे धाडलं. मुख्य कचेरीने कळवतो म्हणून सांगितलं. इकडे अर्लीन अंत्यविधीवाल्याच्या थंड खोलीत पडून होती आणि अंत्यविधीवाला ईझेल दिसले की घसा खाकरायला लागला होता. शेवटी एका शनिवारी सकाळी ईझेल पुतण्यांना आणि फावड्यांना घेऊन फाटकाशी गेले, मागे शववाहिका. त्यांनी साखळी कापली, आणि अर्लीनला तिच्या माणसांत, पूर्वेकडे तोंड करून, घरच्याच हातांनी माती दिली. यंत्राने कबर बुजवणं शायलोच्या लोकांना कधीच खपलेलं नाही.

फाटकावर पहारेकरी होता केंड्रिक टॉलिव्हर. वय विशीच्या आसपास, ईझेलच्याच माउंट पिस्गा चर्चचा, शायलोत त्याचीही पणजी पुरलेली. कंपनीच्या साहेबाने विचारलं, कुणी कापली? केंड्रिकने सांगितलं. कोर्टात बायबलवर हात ठेवून विचारलं, तेव्हाही तेच सांगितलं.

गुन्हा साधासुधा नव्हता. शिक्षा झाली तर ईझेल काही वर्षं तुरुंगात जाणार होते, आणि बाहेर आल्यावरही त्या जमिनीवर पाऊल ठेवायची त्यांना कायमची बंदी होणार होती. सरकारी वकिलाने ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणजे ज्या कबरीसाठी माणसाने साखळी कापली, ती कबर त्याला जन्मात पुन्हा दिसणार नव्हती.

ज्यूरी निवडताना जज्जसाहेबांनी विचारलं होतं, आरोपीला ओळखणाऱ्यांनी हात वर करा. अख्ख्या दालनाचे हात वर गेले. जज्जसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ओळखणाऱ्या सगळ्यांना घरी पाठवायचं तर ज्यूरी शेजारच्या काउंटीतून उसनी आणावी लागली असती. सरकारी वकिलाला जितकी माणसं नाकारायची मुभा होती तितकी त्याने नाकारली, आणि मुभा संपली तेव्हा रांगेत मिस व्हर्नेल बसलेल्या होत्या.

"तुम्ही दोन्ही बाजू सारख्या कानाने ऐकाल?" त्याने विचारलं.

"मी शाळेची बस चालवायचे," त्या म्हणाल्या. "मागच्या बाकावर भांडण कुणी सुरू केलं ते मला आरशात दिसायचं. पोरगा कुणाचा, हे मी कधी पाहिलं नाही."

जज्जसाहेब स्वतः त्याच बसमधून शाळेत गेले होते. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

आता रॉयनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेन उघडलं. "हे बघा, काम सोपं आहे. पोरगा म्हणतो मी पाहिलं. ईझेलचा वकील म्हणतो सकाळी धुकं होतं, पोराला चेहरा दिसलाच नाही, कंपनीत बढती मिळावी म्हणून नाव घेतलं. जज्जसाहेबांनीच सांगितलंय, मनात रास्त शंका असेल तर सोडा. आपल्याला शंका आहे. सही करू आणि जेवायला घरी जाऊ."

माना डोलल्या. कुणीतरी खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. निम्मे काळे आणि निम्मे गोरे अशा त्या बारा जणांचं खटला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच कशावर तरी एकमत होत होतं. ईझेल तुरुंगात जावेत असं त्या खोलीत एकालाही वाटत नव्हतं.

"मला नाही शंका," मिस व्हर्नेल म्हणाल्या.

खुर्ची जागच्या जागी थांबली.

"तुम्हाला आहे, मिस्टर हचेन्स? खरंखुरं सांगा. तो पोरगा खोटं बोलला असं तुम्हाला वाटतं?"

"प्रश्न तो नाही."

"माझा तोच आहे. आधी यावर हात वर करा. पुढचं पुढे बघू."

त्यांच्या आवाजात बसवाल्या बाईची जरब होती. साक्ष सगळ्यांनीच ऐकली होती. केंड्रिक साक्षीला उभा होता तो शाळा संपतानाच्या समारंभाचा कोट घालून, बाह्या आखूड झालेल्या. तो म्हणाला होता, मी मिस्टर ईझेलना म्हटलं, नका कापू, विचारलं तर मला सांगावं लागेल. त्यावर ते काय म्हणाले, असं सरकारी वकिलाने विचारलं. केंड्रिक म्हणाला, "ते म्हणाले, सांग मग, पोरा." ईझेलच्या वकिलाने हसून ज्यूरीकडे पाहिलं होतं, जणू काही असलं संभाषण जगात कुठे होत नाही. मग त्याने विचारलं, गाडी आत जाताना तुम्ही काय केलंत? "टोपी काढली," केंड्रिक म्हणाला. वकिलाने पोराला खोटारडा म्हटलं तेव्हा मिस व्हर्नेल पोराकडे नव्हत्या पाहत. त्या ईझेलकडे पाहत होत्या. वकिलाने त्यांना तोंड उघडायची मनाई केली होती. त्यांनी मांडीवरची हॅट उचलली, किनारीवरून बोट फिरवत एक पूर्ण वळसा घातला, आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

टेबलाभोवती हात वर व्हायला लागले. पहिला हात शाळेत शिकवणाऱ्या केलीचा. मग तिच्या शेजारचा. मग रॉय. टेरेलचा हात सगळ्यात शेवटी वर आला, तोही कोपरापर्यंतच.

"तो कंपनीचा चमचा आहे," टेरेल म्हणाला.

"असेल. पण खरं बोलला का?"

"खरंच बोलला," टेरेल म्हणाला, आणि हात पूर्ण वर केला.

रॉयनी पेन बंद केलं. "झालं. आता काय करायचं? धुक्याचं एक बरं दार होतं, तेही तुम्ही लावून टाकलंत. खरं वाटत असेल तर दोषी म्हणायला हवं. शपथ घेतलीय आपण."

"म्हणजे त्यांना तुरुंगात पाठवायचं?" केली म्हणाली. "बायकोला पुरलं म्हणून?"

"असं मी कुठे म्हटलं," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "सोडायचंच आहे त्यांना. पण त्या पोराच्या पाठीवर पाय देऊन नाही."

"आपण आत काय बोललो ते बाहेर कुणाला कळणार आहे?" रॉय म्हणाले. "कागदावर दोषी नाहीतर निर्दोष, एवढंच लिहायचं असतं. कारण लिहायला जागाच नसते तिथे."

"तेच तर. म्हणून तर आत नीट बोलायचं."

त्यांनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली, कागद सोलला, पण गोळी तोंडात टाकली नाही. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. खोलीतल्या काळ्या माणसांना ती आपापल्या घरून माहीत होती. गोऱ्यांपैकी कुणाला किती माहीत होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. मिस व्हर्नेल लहान असताना त्यांच्या मामाला, अमोसला, जिनिंगच्या दारात गोळी घातली गेली. घालणारा जिनिंगच्या मालकाचा भाऊ. पाहणारी एकच, मिस व्हर्नेलची आई लुएला, डोक्यावर धुण्याची टोपली घेऊन रस्त्याने चाललेली. सगळे नको नको म्हणत असताना लुएला कोर्टात गेली आणि जे पाहिलं ते सांगून आली. ज्यूरीत बारा गोरे पुरुष होते. त्यांनी त्याला निर्दोष सोडला आणि म्हणाले, बाईच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

"तेव्हापासून गावात तिचं नाव पडलं, खोटारडी लुएला. दुकानात गोरे म्हणायचे, ते मी एक वेळ समजू शकते. पण चर्चमध्ये आपलीच माणसं आमच्या बाकावर बसेनाशी झाली. भीतीने. अख्खा बाक आम्हा दोघींना. मला तेव्हा वाटायचं, ऐसपैस आहे, बरं आहे." त्या जराशा हसल्या. "त्यांनी तिचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, की खरंच त्यांना ती खोटी वाटली, हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. मलाही नाही."

रॉय हचेन्स साखळीकडे बघत होते.

"माझे वडील होते त्या ज्यूरीत," ते म्हणाले.

टेरेलची झोप पार उडाली.

"आम्हाला कधी काही बोलले नाहीत. शेवटच्या आजारात एकदाच बोलले. म्हणाले, त्या बाईच्या एका शब्दाबद्दलही आमच्यापैकी कुणाला शंका नव्हती." रॉयनी मान वर केली, पण मिस व्हर्नेलच्या डोळ्यांपर्यंत काही आणली नाही. "मी हे आजपर्यंत माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही."

मिस व्हर्नेल उठल्या आणि खिडकीशी गेल्या. एक हात पाठीमागे, कमरेवर, तळवा बाहेर. चर्चमध्ये त्या अशर होत्या. आलेल्याला दारातून आत न्यायचं आणि जागेवर बसवायचं हे त्यांचं काम, आणि काम करताना अशर अशीच उभी राहते. काही सुचेनासं झालं की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा. खाली कोर्टाच्या आवारात एक माणूस गवत कापत होता. त्यांना रागाच्या आधी आनंद झाला, याचं त्यांनाच नवल वाटलं. आईचं त्यांनी खरं मानलं होतं. बाराच्या बारा जणांनी. मग राग आला, आणि तो असा आला की थोडा वेळ त्यांना त्या माणसाचं यंत्रही ऐकू येईनासं झालं.

"म्हणून मी म्हणतोय," रॉय मागून बोलत होते, हळू, समजावल्यासारखे. "राग मानू नका, मिस व्हर्नेल. त्यांनीही हेच केलं होतं ना? साक्ष खरी मानली, आणि तरी सोडला. आपला माणूस म्हणून सोडला. आता तुम्हीही आपला माणूस म्हणून सोडा म्हणताय. माझ्या वडिलांनी जे केलं ते मी करणार नाही. खरं वाटलं तर दोषी म्हणायचं, बस."

बिनतोड होतं. केलीने खाली पाहिलं.

मिस व्हर्नेल परत येऊन बसल्या. पेपरमिंटची गोळी त्यांनी आता तोंडात टाकली.

"तुमच्या दुकानात हातोडे मिळतात ना, मिस्टर हचेन्स?"

"मिळतात."

"हातोड्याने घर बांधता येतं. डोकंही फोडता येतं. कुणीतरी कुणाचं डोकं फोडलं म्हणून तुम्ही हातोडे विकायचे बंद केलेत?"

"हातोडा वेगळा."

"नाही वेगळा. जज्जसाहेब आपल्याला विचारू शकत नाहीत, का सोडलं म्हणून. ही ताकद त्या बारा जणांच्या हातात होती, आज आपल्या हातात आहे. तीच. तिला मी चांगलीही म्हणत नाही आणि वाईटही." त्यांनी बोट साखळीवर ठेवलं. "आधी बघायचं, समोर कोण मरून पडलंय. तिथे माझा मामा पडला होता, मिस्टर हचेन्स. अंगावर कपाशीचे पुंजके चिकटलेले होते त्याच्या. इथे कोण मेलंय? ही साखळी. तीसुद्धा एका कडीत."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

"आणि दुसरं," मिस व्हर्नेल म्हणाल्या, आणि आता त्या हसत नव्हत्या. "तुमच्या वडिलांनी सोडलं ते सोडलंच, वर दोष माझ्या आईच्या नावावर टाकून घरी जेवायला गेले. आपल्याला सोडायचं असेल तर आपल्या नावावर सोडू. मनात नीट म्हणू, की हो, कापली, आम्हाला माहीत आहे कापली, आणि आम्ही नाही पाठवत त्या माणसाला तुरुंगात. धुकंबिकं काही नव्हतं."

"आणि तसं चालतं?" केलीने विचारलं. "म्हणजे, आपल्याला तसं करता येतं?"

"तू केलंस की समजायचं करता आलं."

मग त्यांनी एकेकाला विचारलं. केली म्हणाली निर्दोष. पुढचेही म्हणत गेले, कुणी पटकन, कुणी साखळीकडे एकदा बघून. टेरेल म्हणाला, "निर्दोष. आणि तो पोरगा खोटारडा नाही, पण मला आवडत नाही तो."

"आवडायची सक्ती नाही," मिस व्हर्नेल म्हणाल्या.

रॉय शेवटचे. "माझी आई आमच्या चर्चच्या मागेच पुरलीय," ते म्हणाले. "गाडी थेट थडग्यापर्यंत जाते. मध्ये कधी कुणी फाटक घातलं तर मी काय करेन, मला माहीत नाही." मग म्हणाले, "माहीत आहे." त्यांनी पेन उघडलं. "निर्दोष. पण त्या पोराबद्दल मी कोर्टात उभा राहून सांगणार. आमच्या घराण्यात एकदा गप्प बसून झालंय."

दालन भरलेलं होतं. रॉयनी निकाल वाचला तेव्हा मागच्या बाकांवरून जो आवाज उठला तो थांबवायला जज्जसाहेबांना लाकडी हातोडा बराच वेळ आपटावा लागला. ईझेल हसले नाहीत. त्यांनी एकदा डोळे मिटून उघडले.

"जज्जसाहेब, आणखी एक सांगायचं होतं," रॉय उभेच होते. "तो जो साक्षीदार मुलगा आहे, त्याच्याबद्दल..."

"मिस्टर हचेन्स, फक्त निकाल."

"एकच वाक्य आहे, साहेब."

"ज्यूरीचे आभार. बसा."

रॉय बसले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते वाक्य तिथेच राहिलं.

बाहेरच्या व्हरांड्यात ईझेलभोवती गर्दी झाली. केंड्रिक भिंतीला धरून जिन्याकडे निघाला होता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कळलं का रे, खोटारड्या? बारा जणांनी सांगितलं!" केंड्रिक थांबला नाही. पुढच्या आठवड्यात कंपनीने त्याला सांगितलं की फाटकावर आता माणसाची गरज नाही, कॅमेरा बसवणार आहोत. दोन्हीकडून गेला पोरगा.

मिस व्हर्नेलनी आपल्याकडून सांगून पाहिलं. चर्चच्या स्वयंपाकघरात चिकन तळताना त्या सिस्टर पर्लाइनला (चर्चमधल्या बायका एकमेकींना सिस्टरच म्हणत) म्हणाल्या, "आम्ही त्याचं खरं मानलं होतं."

"मग ईझेलला सोडलं कसं?"

"तरी सोडलं."

सिस्टर पर्लाइनने झाऱ्याने एक तुकडा उलटला. "म्हणजे थोडंसं खोटं बोललाच असेल," ती समजुतीने म्हणाली. ज्यूरीने सोडलं म्हणजे साक्ष खोटी, हे जिला कळलं होतं तिला दुसरं काही समजून घ्यायची गरज नव्हती. रॉयनी दुकानात चार गिऱ्हाइकांना सांगितलं, पण त्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं निराळी आणि माउंट पिस्गा चर्चची माणसं निराळी.

केंड्रिक दोन-तीन रविवार आलाच नाही. मग एका रविवारी आला, उशिरा, पहिलं गाणं सुरू झाल्यावर. मिस व्हर्नेल दारात उभ्या होत्या. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे.

"मी इथेच उभा राहतो," तो कुजबुजला. अंगात तोच आखूड बाह्यांचा कोट.

"दार उभं राहण्यासाठी नसतं, बाळा. येण्याजाण्यासाठी असतं."

"आत मला कुणी जागा देणार नाही, मिस व्हर्नेल."

"जागा लोक देत नाहीत. मी देते."

हे मात्र खरं होतं. माउंट पिस्गात अशर बसवेल तिथे बसायचं. त्यात पास्टरचाही शब्द चालत नाही. आणि अशरने कुणासाठी बाक दाखवला की त्या बाकावरचा माणूस सरकतो, मग तो कुणीही असो. मिस व्हर्नेल मधल्या वाटेने पुढे निघाल्या, मागे केंड्रिक. मागच्या बाकांवरचं गाणं बारीक झालं. मधल्या बाकांवर लोकांनी पर्सा आणि बायबलं आपल्या बाजूला पसरून ठेवली. त्या कुठेच थांबल्या नाहीत.

त्या थांबल्या पुढून दुसऱ्या बाकाशी. तिथे वाटेच्या कडेला ईझेल ब्रॉडनॅक्स बसले होते आणि त्यांच्या शेजारी, आतल्या बाजूला, त्यांची हॅट होती. अर्लीन गेल्यापासून तिच्या जागेवर ते हॅट ठेवत. ईस्टरला लोक भिंतींना टेकून उभे होते, तेव्हाही मिस व्हर्नेलनी तिथे कुणाला बसवलं नव्हतं.

त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणला आणि हॅटकडे दाखवला.

आता गाणं फक्त गायकवृंद म्हणत होता. सिस्टर पर्लाइनच्या हातातला पंखा हवेतच राहिला. ईझेलनी आधी पांढऱ्या हातमोज्याकडे पाहिलं, मग मिस व्हर्नेलकडे, मग पोराकडे. त्या जागेवर कुणाला बसवायचा हक्क अशरचाही आहे की नाही, हे मिस व्हर्नेलना ठाऊक नव्हतं. पण हात त्यांनी खाली घेतला नाही.

ईझेलनी हॅट उचलली. किनारीवरून बोट फिरवत एक वळसा घातला आणि ती मांडीवर ठेवली. मग गुडघे आडवे केले, पोराला आत जायला वाट दिली.

केंड्रिक बसला, अगदी टोकावर, उठून जायच्या तयारीत असल्यासारखा. गायकवृंदाचं कडवं संपलं आणि पुढचं सुरू व्हायच्या आधी चर्चमध्ये जराशी शांतता झाली. ईझेलना हळू बोलायची सवय कधीच नव्हती. रूळ टाकणाऱ्या माणसांना नसतेच.

"त्या दिवशी सकाळी धुकं होतं का रे?" त्यांनी विचारलं.

केंड्रिकने मान वर केली. "नाही, सर. स्वच्छ होतं."

"हं," ईझेल म्हणाले. "मलाही स्वच्छच आठवतंय."

त्यांनी गाण्यांचं पुस्तक उघडलं आणि पोराला अक्षरं दिसतील असं दोघांच्या मध्ये धरलं. मिस व्हर्नेल वळल्या आणि दाराकडे परत निघाल्या. मधल्या बाकांवरच्या पर्सा एकेक करून मांडीवर परत जात होत्या. जाता जाता त्यांनी त्याची नोंद घेतली, आरशात बघावं तशी, मान न वळवता.